हिरव्यातला काटा

मार्च लागला होता. पहाटे अंगावर चादर लागायची आणि नऊ वाजता डोक्यावर दुपट्टा. तळ्यावरून गार वारा सुटला होता. त्या वाऱ्यात मोहाचा वास होता, गोड आणि जरासा डोक्यात चढणारा. टेकडीवरच्या वस्तीतल्या, म्हणजे टोलीतल्या, बाया टोपल्या घेऊन अंधारातच जंगलात फुलं वेचायला गेल्या होत्या. त्या वेळी सालईबोडीत जागे असलेले नर दोनच, एक लालसूचा कोंबडा आणि दुसरा बाबुलाल दिघोरे.

बाबुलाल टाकीखाली उकिडवा बसून बादलीत ब्लिचिंग पावडर कालवत होता. गाठी काडीनं फोडायच्या, नाक वाऱ्याच्या बाजूला ठेवायचं, डोळे अर्धे मिटायचे. एकोणीस वर्षं तो हे करत होता आणि एवढ्या वर्षांत त्याच्या एकाही शर्टाचा मूळ रंग टिकला नव्हता. पावडर कालवून झाली की शिडीनं वर चढायचं, बादली टाकीत ओतायची, पाणी किती आहे ते वाकून पाहायचं, खाली उतरून चौकात यायचं. चौकातल्या खड्ड्यात दोन वॉल्व्ह होते. एक खालच्या गावाचा, दुसरा वरच्या टोलीचा. साडेसहाला लांब दांड्याच्या चावीनं दोन्ही उघडायचे, साडेआठला बंद करायचे. गाव कुरखेड्यापासून बारा किलोमीटरवर होतं, पण पाण्याच्या बाबतीत सालईबोडीची राजधानी म्हणजे हा खड्डा.

ही नोकरी बाबुलालला मिळाली ती पाण्यात बुडी मारून. नळयोजना नवीन होती तेव्हा पंपाच्या विहिरीत तळाची जाळी गाळात रुतली. साहेब लोक काठावर उभे राहून क्रेन कुठून आणायची यावर बोलत होते. बाबुलाल ढिवराचा पोरगा, बापासोबत तळ्यात मासोळ्या धरण्यात वाढलेला. त्यानं शर्ट काढला, आत गेला, आणि साहेबांचं क्रेनचं बोलणं संपायच्या आधी जाळी मोकळी करून वर आला. साहेबानं विचारलं, "पाण्यातलं काय समजतं तुला?"

"दोन पुरुस खाली गेलो का कान दाटते, जी," बाबुलाल म्हणाला. "तीन पुरुस गेलो का कानात सुया टोचते. त्याच्याखाली नाक धरून आतून फुंकर मारा लागते, नाईतं पडदा जाते. किती खोल हावो ते मले कानावरून समजते, अंधार असला तरी."

साहेबाला यातलं काही कळलं नाही, म्हणून त्यानं ते तांत्रिक ज्ञान समजून लिहून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून बाबुलाल पाणीवाला झाला.

पाणी वाटायला लागल्यावर त्याला समजलं, की पाणी वाटणं सोपं आहे, भांडणं वाटणं अवघड. रोज कोणीतरी दारात. शेजाऱ्याच्या नळाला जोर आहे, आमच्या नाही. कान लावून नळाचा जोर समजत नाही, आणि बाबुलालच्या कानावर गावाचा भरवसाही नव्हता. मग त्यानं गवंड्याकडून लेव्हल पाहायची पारदर्शक नळी आणली. पंचवीस फुटांच्या सरळ बांबूला ती बांधली. बांबूवर कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत एकेक हात मोजून लाल पेंटनं कडी काढली. नळीचं खालचं टोक नळावर घट्ट बसवायचं, बांबू उभा करायचा, नळ सोडायचा. पाणी नळीत सरसर चढायचं आणि एका जागी थांबायचं. बाबुलाल कड्या मोजायचा.

"तुमच्या इथी अकरा हात. त्यायच्या इथीबी अकरा हात. आता काऊन भांडता?"

पाणी स्वतः उभं राहून साक्ष देत होतं. हळूहळू सगळं गाव हातांत बोलायला लागलं. सोयरीक पाहायला येणारे पाहुणे नवरदेवाची शेती विचारायचे, धान किती होतो ते विचारायचे, आणि जाता जाता मुलीची आई हळूच विचारायची, "नळाले किती हात चढते, माय?"

बाबुलालचं स्वतःचं घर वरच्या टोलीत होतं. टोली उंचावर, बावीस घरांची, म्हणून तिथं चारच हात चढायचं. पण चार हात म्हणजे नळाखाली गुंड, म्हणजे पाण्याचा मोठा हंडा, ठेवून भरता येतो. टोलीची तक्रार नव्हती.

मागच्या दिवाळीनंतर श्रीहरी आला. श्रीहरी म्हणजे ठेकेदाराचा सुपरवायझर. चौदा गावांत दाब मोजायचं मीटर लावायचं काम त्याच्याकडे होतं. त्यानं चौकातल्या पाइपावर, दोन्ही वॉल्व्हच्या अलीकडे, पितळी मीटर बसवलं. थाळीएवढं गोल तोंड, आत एक काटा. मग पिशवीतून रंगीत पट्ट्यांचा गठ्ठा काढला, एक पट्टी सोलली आणि काचेवर अर्ध्या चंद्रासारखी चिकटवली. लाल, मध्ये हिरवा, परत लाल.

"काटा हिरव्यात पाहिजे," श्रीहरी म्हणाला. "ग्रुपवर मेसेज आला का पाच मिनिटांत काट्याचा फोटो टाकाचा. बाकी तुले काई समजाची गरज नाई."

तो गेल्यावर बाबुलालनं काटा पाहिला. दोन्ही वॉल्व्ह बंद होते आणि काटा हिरव्याच्या उंबरठ्याच्या आत उभा होता, नुकत्याच आलेल्या सुनेसारखा. बाबुलालनं वॉल्व्ह उघडले. पाणी धावलं. काटा खाली सरकला आणि लालात जाऊन बसला. त्यानं वॉल्व्ह बंद केले. काटा परत हिरव्यात. चार वेळा करून पाहिलं. चारही वेळा तेच.

त्यानं श्रीहरीला फोन लावला. "श्रीहरी भाऊ, हे उलटंच आहे जी. पाणी बंद केलं का मीटर खूश. चालू केलं का नाराज."

"मंग तुले जे समजलं ते कर ना," श्रीहरी म्हणाला, आणि फोन ठेवला.

बाबुलाल साधा माणूस होता, पण एकोणीस वर्षं सरकारी कामात होता. त्यानं सोय काढली. मेसेज आला की चावी फिरवायची, टोली बंद, खालचं गाव बारीक. काटा वर आला की फोटो. फोटो गेला की वॉल्व्ह परत उघडायचे. सगळं मिळून सात मिनिटं. ग्रुपवर चौदा गावांचे फोटो पडायचे. कुणाचा काटा लाल, कुणाचा त्याहून लाल, आणि सालईबोडी रोज हिरवी. पाणीपुरवठा कार्यालयातून अंगठे यायचे, एकदा फुलाचं चित्र आलं. आणि चांगलं काम करणाऱ्यावर कार्यालयाचं लक्ष असावं म्हणून सालईबोडीला दिवसाला दोन मेसेज यायचे ते पाच यायला लागले.

दोन तासांचं पाणी. त्यातली पाच वेळा सात सात मिनिटं काट्याला गेली. उंचावरच्या टोलीला परत पाणी चढायला अजून तेवढाच वेळ लागायचा. म्हणजे टोलीचा नळ वाहत असायचा तेव्हा बाया मोहाखाली असायच्या, आणि त्या परत यायच्या तेव्हा नळ खोकत असायचा. टोलीतली म्हातारी सुकरी अर्ध्या भरलेल्या गुंडात पाहायची आणि म्हणायची, "फोटो निघून राह्यला वाटते." पुढे पुढे ती नळ थांबला की डोक्यावरचा पदर सारखा करायला लागली. कोणी हसलं तर म्हणायची, "काय सांगावं बापा, आपणबी येत असू फोटोत."

बाबुलालची बायको गिरजा हसत नव्हती. ती मोहाची टोपली उतरवून तशीच हापशीवर जायची, टेकडी उतरून, परत चढून.

"साऱ्या गावाले पाणी पाजणाऱ्याची बायको हापशीवर," ती एक दिवस म्हणाली. "लोक विचारते मले, का वं गिरजा, तुह्या घरचा पाणीवाला कुठी गेला? म्या सांगतलं, काट्याले पाणी पाजून राह्यला."

"मी काय करू? काटा लाल झाला तं नोटीस येते."

"येऊ द्या ना. नोटीस काय पेते का पाणी?"

त्या बोलण्याचा परिणाम म्हणा की हापशीच्या दांड्यानं गिरजाच्या हाताला आलेल्या फोडांचा, बाबुलालनं तीन दिवस वॉल्व्हला हात लावला नाही. जसा काटा तसा फोटो. तीन दिवस सालईबोडी लाल. टोलीत तीन दिवस गुंड भरले. चौथ्या दिवशी श्रीहरी मोटारसायकलवर हजर.

"काय झालं बे गावाले?"

"गावाले काई नाई झालं. पाणी सोडलं फक्त."

श्रीहरीनं टोलीच्या वॉल्व्हकडे पाहिलं, टोलीकडे पाहिलं, आणि हिशेब मांडला. "ही टोलीच दाब खाऊन राह्यली. बावीस घरं आहे ना? टोलीची लाइन इथूनच कापून बूच मारून टाकू. हापशी आहेच त्यायले. बुधवारी नवीन म्याडम पाहाले येते. काटा लाल दिसला तं लाइन कापाच्या कागदावर सही होते. कागद मी देऊनच ठेवला."

"त्यात माहंबी घर आहे, भाऊ."

"मंग तं तुले सरकारी कामात स्वार्थ आणताच नाई येत," श्रीहरी म्हणाला. मनापासून म्हणाला.

बुधवारपर्यंतचे तीन दिवस बाबुलालनं खूप विचार केला. हिरवा काटा दाखवायचा तर टोलीचा नळ कोरडा दिसेल. नळ चालू दाखवायचा तर काटा लाल दिसेल. दोन्ही एकदम दाखवायचं तर पाण्यालाच काहीतरी सांगावं लागलं असतं, आणि पाणी सांगून ऐकत नाही हे ढिवराच्या पोराला माहीत होतं.

बुधवारी सकाळी सातला मॅडम आल्या. कार्यालयातल्या नव्या इंजिनिअर, नाव दिव्यानी, वय सव्वीस-सत्तावीस, स्कुटीवर, पाठीला बॅग. बाबुलालनं दोन्ही वॉल्व्ह सताड उघडे ठेवले होते. ठरवून नव्हे. बंद करायला म्हणून तो खड्ड्यात उतरला होता, पण टोलीवरून बायांचा आवाज येत होता, त्या आज लवकर परतल्या होत्या, आणि चावी काही फिरली नाही.

"भाऊ, काटा लाल आहे," दिव्यानी म्हणाली.

"हाव. पाणी चालू आहे म्हणून."

"फोटोत तर हिरवा असतो."

"फोटोत पाणी बंद असते."

ती खड्ड्यावर वाकली. मग म्हणाली, "बंद करून दाखवा." त्यानं दाखवलं. काटा एक पूर्णांक तीनवर गेला, हिरव्यात. "आता उघडा." काटा घसरून शून्य पूर्णांक सातवर आला. पोरीनं तोंडावर हात ठेवला. बाबुलालला वाटलं चूक धरली. ती हसत होती.

दिव्यानी वीजकेंद्राच्या वसाहतीत, ऊर्जानगरच्या क्वार्टरात, वाढली होती. तिच्या बापानं सगळी नोकरी मीटरं तपासण्यात काढलेली. दुसऱ्यांच्या घरी जेवताना पोरांना गोष्टी सांगतात, हिच्या घरी पाण्याचे आणि वाफेचे दाब सांगायचे. ती म्हणाली, "टोलीत जाऊ."

टोलीत सुकरीनं तिला पाहिलं, हातातल्या मोबाइलकडे पाहिलं आणि म्हणाली, "फोटो काढाचा आहे का बाई? मंग थांबा जरा. हा गुंड भरून घेऊ द्या आधी, मंग नळ जाते."

"फोटो काढला की नळ जातो?"

"रोजच जाते. लाजते वाटते."

दिव्यानीनं मोबाइल बॅगेत टाकला. बाबुलालनं घराच्या वळचणीला ठेवलेला बांबू आणला, सुकरीच्या नळाला नळी बसवली, बांबू उभा केला. पाणी चार हात चढून थांबलं. दिव्यानी त्या नळीकडे असं पाहत होती, जसं माहेरचं माणूस परक्या गावच्या बाजारात भेटावं.

"हे कोणी शिकवलं तुम्हाला?"

"कोणी नाई. जोर असन तेवढं पाणी उभं राह्यते. माणसासारखंच आहे."

चौकात परत आल्यावर मीटरच्या शेजारच्या तोटीला नळी लावली. दोन्ही वॉल्व्ह उघडेच. पाणी वर वर गेलं आणि पंधराव्या कडीपाशी डुलत थांबलं. दिव्यानीनं टेप काढून बाबुलालचा हात मोजला, कोपरापासून बोटापर्यंत, शेहेचाळीस सेंटीमीटर. पंधरानं गुणलं.

"सात मीटरला थोडं कमी. दहा मीटर पाणी उभं राहिलं म्हणजे या काट्यावर एक. सात मीटर म्हणजे शून्य पूर्णांक सात. तुमचा बांबू आणि हे पितळ एकच सांगतायत, भाऊ."

मागे गिरजा येऊन उभी होती, डोक्यावर मोहाची टोपली. जंगलातून सगळ्यांच्या मागून परतताना चौकात बांबूभोवती जमलेली गर्दी पाहून थांबली होती. तिनं विचारलं, "बांबू खरा, मीटर खरं, नळाले पाणीबी खरं. मंग खोटं कोण बोलून राह्यलं?"

दिव्यानीनं काचेवर नख वाजवलं. "ही पट्टी. पाणी धावताना दाब उतरतोच. टाकी किती उंच, पाइप किती लांब, त्यावर किती उतरेल ते ठरतं. प्रत्येक गावाचं हिरवं वेगळं असतं. यांनी चौदा गावांना एकाच गठ्ठ्यातली पट्टी लावली."

"मंग लाइन कापाची नाई ना?" बाबुलालनं विचारलं. त्याला बाकी काही ऐकायचंच नव्हतं.

"लाइन कशाला कापायची? पट्टी सरकवली पाहिजे." मग तिचा चेहरा पडला. ती नोकरीत नवीन होती, पण इतकीही नव्हती. "पण पट्टी ठेकेदाराची. मी हात लावला तर का लावला म्हणून लिहून द्यावं लागेल. ते वर जाईल. उत्तर यायला पावसाळा लागेल. आणि तोवर फॉर्मवर दोनच रकाने आहेत, हिरवा नाहीतर लाल. लाल लिहिलं की मागचा कागद पुढे सरकतो." तिनं बॅग खांद्याला लावली. "मी जरा तळ्याकडे जाऊन येते. दहा मिनिटं. किती वेळ झाला, पाखरं पाहिली नाहीत."

ती गेली. बाबुलाल ती गेली त्या दिशेनं पाहत राहिला. "पाखरं तं टाकीवरबी आहे," तो म्हणाला.

"तुमी पाण्यातच बुडा," गिरजा म्हणाली. टोपली खाली ठेवून ती खड्ड्यात उतरली. नखानं पट्टीचा कोपरा सोलला. पट्टी निघाली, पण फाटून निघाली. लाल तुकडे निघाले आणि हिरव्याच्या चिंध्या झाल्या.

"आता?" बाबुलाल म्हणाला. त्याच्या आवाजात पावसाळ्यानंतर येणारं उत्तर होतं.

गिरजानं कमरेची पिशवी सोडली. तंबाखूची डबी, एक सुई, आणि बाजारातून आणलेलं टिकल्यांचं पाकीट. हिरव्या, पिनाच्या डोक्याएवढ्या. चुलतबहिणीच्या पोरीच्या लग्नासाठी घेतलेल्या.

"कुठून कुठवर सांगा."

बाबुलालनं काट्याकडे पाहिलं, बांबूकडे पाहिलं. "चौदा हातापासून सोळा हातापर्यंत. म्हणजे इथून इथवर."

तिनं नऊ टिकल्या लावल्या, एकीला एक चिकटून, कपाळावर लावाव्या तेवढ्या काळजीनं. काटा मधल्या टिकलीवर होता. मागे टोलीचा नळ वाहत होता, त्याचा आवाज चौकापर्यंत येत होता.

दिव्यानी बरोबर दहा मिनिटांनी आली. तिनं काचेकडे पाहिलं. जवळ वाकून पाहिलं. मग दोन पावलं मागे सरकून, जिथून नुसता हिरवा कंस दिसत होता तिथून, फोटो काढला. फॉर्मवर लिहिलं, काटा हिरवा, सर्व नळ चालू, लाइन कापण्याची आवश्यकता नाही. जाताना गिरजाला म्हणाली, "बाई, उन्हानं निघतात का हो या?"

"माह्या कपाळाची तं धान कापतानाबी नाई निघत."

त्यानंतर महिनाभर मेसेज येत राहिले, दिवसाला पाच. बाबुलाल एका हातानं फोटो काढायचा आणि दुसऱ्या हाताला काही कामच उरलं नव्हतं. टोलीत सुकरीला पाणी थांबायची इतकी सवय झालेली, की आठवडाभर ती गुंड भरून वाहिला तरी पदर सारखा करून उभी राहायची.

कार्यालयात सालईबोडीचं नाव झालं. पूर्वी फोटो हिरवा आणि तक्रारी टोलीच्या, आता फोटो हिरवा आणि तक्रार नाही. असं चौदा गावांत कधी घडलं नव्हतं. एप्रिलच्या बैठकीत ठरलं, की सालईबोडीची पद्धत सगळीकडे लावायची. पद्धत काय ते बैठकीत कोणी विचारलं नाही. श्रीहरीला पाठवलं.

श्रीहरी खड्ड्यात उतरला. बराच वेळ काचेसमोर बसून राहिला. मग त्यानं हळूच विचारलं, "हे कोणत्या कंपनीचे आहे?"

"कुरखेड्याच्या बाजारातले," गिरजा म्हणाली. ती गुंड घेऊन चौकातून जात होती. घरी नळ असूनही ती चौकातून गेली, हे बाबुलालच्या नंतर लक्षात आलं. "दहा रुपयाले पाकीट. लाल घेसान तं उगा घेऊ नका, तुमच्याकडे लाल ढीगभर असन."

श्रीहरीनं काचेचा फोटो घेतला, टिकल्या मोजल्या, पहिली कोणत्या आकड्यावर आणि शेवटची कोणत्या ते वहीत लिहिलं. आठवड्याभरात बाकीच्या तेराही गावांच्या मीटरांवर नऊ-नऊ हिरव्या टिकल्या लागल्या. बरोबर सालईबोडीच्याच जागी.

मेच्या पहिल्या आठवड्यात पहाटे बाबुलाल टाकीखाली बसला होता तेव्हा फोन वाजला. त्या तेरांपैकी एका गावचा पाणीवाला मंगरू होता.

"बाबुलाल भाऊ, हे टिकल्यांचं काय लफडं आहे जी? आमची टाकी उंच आहे. पाणी सोडलं तरी काटा टिकल्यांच्या पुढेच राह्यते. साहेब म्हणते हिरव्यात आण. म्या आता टाकीच अर्धी भरून राह्यलो, लोक शिव्या देऊन राह्यले."

बाबुलालनं फोन कान आणि खांद्याच्या मध्ये धरला. काडीनं एक गाठ फोडली.

"तुह्या घरी बांबू आहे का?"

"बांबू? गावात बांबू नाई तं काय आहे?"

"पंचवीस फुटाचा, सरळ पाह्यजो. आन गवंड्याची नळी. रविवारी येतो मी." मग त्याला आठवलं. "आन घरच्या बाईले इचारून ठेव, टिकल्या आहे का."

त्यानं फोन खिशात टाकला, डोळे अर्धे मिटले, नाक वाऱ्याच्या बाजूला केलं आणि पावडर कालवायला लागला. बादलीच्या तळाशी अजून दोन गाठी होत्या.